काचेवरची चतकोर

बाई,

काल तुमच्या जलदान विधीला मला दोन शब्द बोलायला उभं केलं. वंदना झाली आणि तुमची माया माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, शाळेत आईजवळ सगळ्यात जास्त तुम्हीच होतात. तुम्ही बोला." बमरोलीच्या त्या समाजमंदिरात पंखे खडखडत होते, मागे बायका लेकरांना गप्प बसवत होत्या. मी उभी राहिले आणि अशा वेळी सगळे बोलतात तेच बोलले. शिस्त, तळमळ, साधी राहणी. बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, "बाईंनी शेवटपर्यंत आपल्या मुलांवर विश्वास ठेवला." हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला पुढे बोलवेना. लोकांना वाटलं गळा भरून आला. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. मी खाली बसले आणि जेवायच्या आधीच मागच्या दाराने निघून गेले.

ते वाक्य खोटं होतं, बाई. ते खोटं झालं माझ्यामुळे, आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं.

शाळा सुटून अर्धा तास झाला. चौथीच्या वर्गात बसलेय. शिपाई दोनदा डोकावून गेला, कुलूप लावायचंय त्याला. मी त्याला म्हटलं, पेपर तपासतेय. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठले, खिडकीशी गेले, परत आले. कुठून सुरुवात करावी कळत नाही. ट्रेनिंगपासूनच करते.

तुमचं नि माझं त्याआधी काही फार जमत नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझे शब्द दुरुस्त करायच्या. "पाणी म्हणा, शोभाबाई. पानी नाही. मुलं तुमच्याकडून ऐकतात." मी पारोळ्याकडची, आमच्या घरात सगळे पानीच म्हणतात. मला राग यायचा. आणि दुसरंही एक होतं. तीन वर्षं एका शाळेत असून मी तुमच्या डब्यातलं कधी खाल्लं नव्हतं. उपास आहे म्हणायचे, पोट बरं नाही म्हणायचे. कारण मला ठाऊक होतं आणि तुम्हालाही. तुम्ही पहिल्या महिन्यातच डबा पुढे करायचं सोडून दिलंत, आणि त्यावरून मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत.

प्लेगनंतरचं दुसरं वर्ष होतं ते. गावी पळालेली कुटुंबं परत आली होती, पटावर नावं वाढली होती, आणि ऐन जानेवारीत पत्र आलं. प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, बारा दिवस, वर्गात यंत्रं वापरून कसं शिकवायचं याचं प्रात्यक्षिक. सगळे माना खाली घालून बसले. कुणाचाच पोर्शन झाला नव्हता. मुख्याध्यापक पाटीलसरांनी माझं नाव आपणहून लिहिलं, मी वयाने लहान आणि लग्नाआधी कम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला. दुसरं नाव कुणाचं, असं त्यांनी विचारल्यावर तुम्ही हात वर केलात. सर म्हणाले, "सोनवणेबाई, तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "का, मी शिक्षक नाही?"

मला वाटलं, हिला तिथंही माझे शब्द दुरुस्त करायचेत.

मी डिंडोलीहून यायची, तुम्ही बमरोलीहून, उधन्याला भेटून आपण पुढची बस धरायचो. रोज बस आली की तुम्ही म्हणायच्या, "वाचा बरं पाटी." मास्तरणीने पोराला विचारावं तसं. पाट्या गुजरातीत असतात, तुम्हाला गुजराती वाचता येत नसेल आणि ते कबूल करायचं नसेल, असा मी अंदाज बांधला. मनातल्या मनात हसायचेसुद्धा.

केंद्रावर आपण चाळीस जण. मराठी माध्यमाच्या शाळांचे सातआठ, बाकी गुजराती, हिंदी, उर्दू. शिकवायला हर्षदभाई होते, उंच, गोड बोलणारे, हातात कायम खडूऐवजी पॉइंटर. पहिले दोन दिवस टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि व्हीसीआर. पाचव्या दिवशी ओव्हरहेड प्रोजेक्टर. खाली दिवा, वर काच, काचेवर मानेसारखा वाकलेला आरसा. प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर लिहायचं आणि ते समोरच्या भिंतीवर हातभर मोठं उमटायचं. सगळ्यांना एकेकदा उभं केलं. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही काचेवर इतक्या वाकलात की तुमच्या चेहऱ्यावर खालचा उजेड पडला. जाड पेनाने 'क' काढलात. मग तशाच वाकून राहिलात. मागे कुणीतरी खाकरलं. तुम्ही मला हळूच विचारलंत, "भिंतीवर कसं आलंय?" मी म्हटलं, मोठं आलंय. "सरळ?" सरळ, मी म्हटलं. त्यावर तुम्ही एकदा मान हलवलीत आणि जागेवर येऊन बसलात.  मला वाटलं, यंत्राची धास्ती घेतली.

हर्षदभाईंनाही तसंच वाटलं. पुढे कम्प्युटरचे दिवस आले. चार मशीन, चाळीस माणसं. काळ्या पडद्यावर हिरवी बारीक अक्षरं. तुम्हाला खुर्चीवर बसवलं आणि त्यांनी समोर लिहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर दाबायला सांगितलं. तुम्ही ताठ बसून राहिलात, हात मांडीवर. मागची माणसं हसली. हर्षदभाई प्रेमाने म्हणाले, "बेन, मशीनथी बीवानुं नहीं." तुम्ही त्यांच्याच भाषेत सांगितलंत की मी भीत नाही. पण कळ काही दाबली नाहीत. मी शेजारीच उभी होते. का कोण जाणे, मी वाकून पडद्यावरचं वाक्य पुटपुटल्यासारखं वाचलं. तुम्ही लगेच बोटांनी चाचपून बरोबर कळ दाबलीत. पुढचा प्रश्न आला, मी तोही वाचला. सातही उत्तरं बरोबर आली.

त्या दुपारी पाण्याच्या टाकीमागे तुम्ही मला थांबवलंत. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"शोभाबाई, मला फळ्यावरचं दिसत नाही. दोन वर्षं होतील. साखरेने पडदे गेलेत डोळ्यांचे. ते परत यायचे नाहीत, डॉक्टरने सांगितलंय."

मी विचारलं, मग शिकवता कसं? तुम्ही म्हणालात, पुस्तकं पाठ आहेत, फळ्यावर हात चालतो, वह्या मुलांकडून वाचून घेते. या ट्रेनिंगला तुम्ही का हात वर केला होतात तेही सांगितलंत. डोळ्यांचं काम करणारं एखादं यंत्र निघालं असेल, या आशेवर. आणि ते सापडलं होतं. काचेखालच्या त्या उजेडावर काळं जाड अक्षर तुम्हाला दिसत होतं, नाक टेकवून का होईना. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढलेला 'क' तुम्ही बघितला होतात.

"कुणाला सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं. फार लवकर म्हटलं. त्या दिवशी मी तुमच्या डब्यातली मेथीची भाजी खाल्ली. तुम्ही डबा सरकवला नव्हता, मीच ओढून घेतला.

उरलेले दिवस मी तुमचे डोळे झाले. बसची पाटी, फलकावरच्या सूचना, कम्प्युटरचा पडदा. मला ते आवडायला लागलं होतं, खरं सांगते. एवढी कडक बाई आणि माझ्या पुटपुटण्यावर चालतेय. येताजाता आपण भांडायचोही. मी म्हणायची, पाटीलसरांना सांगा, ते काही वाईट नाहीत. तुम्ही म्हणायच्या, सर वाईट नाहीत, पण सांगितलं की ते मला खुर्ची देतील, वर्ग देणार नाहीत. "मला घरातलं सगळं पाठ आहे, वर्गातलं सगळं पाठ आहे. मधला रस्ता तेवढा तुम्ही दाखवा." मी म्हणायची, आणि वर्गात एखादं पोर पडलं तर?  हा वाद आपण कितीदा सुरू केला आणि कितीदा उधन्याचा स्टॉप आला म्हणून सोडून दिला.

ट्रेनिंग संपल्यावर परीक्षा म्हणून पाठ घ्यायचा होता, आपापल्या वर्गात, हर्षदभाई मागे बसून बघणार. प्रोजेक्टर आठवडाभर आपल्या शाळेत आला. माझा पाठ आधी झाला. पर्यावरण, पाण्याचे साठे. मी चौदा शीट तयार केल्या होत्या, चार रंगांत, अक्षर असं की छापल्यासारखं. एकामागून एक ठेवत गेले. मुलं टकटक बघत होती. हर्षदभाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "सारुं छे." ठीक आहे. एवढंच.

मग तुमचा तास. अपूर्णांक. तुम्ही एकही शीट आणली नव्हती. पुठ्ठ्याची एक गोल चकती काचेवर ठेवलीत. भिंतीवर भली मोठी काळी सावली पडली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, भाकर!" वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, भाकरच आहे, आणि चकतीचा चौथा हिस्सा उचललात. तो कापलेलाच होता, बोटाने कड चाचपून तुम्ही बरोबर तोच उचलला. "घरी याला काय म्हणता?" चतकोर, पंचेचाळीस पोरं ओरडली. चतकोरीचे पुन्हा दोन केलेत. नितकोर, पोरं ओरडली. मग तुम्ही पेन घेतलंत, काचेवर वाकून चतकोरीशेजारी जाड अक्षरात एक छेद चार लिहिलंत, नितकोरीशेजारी एक छेद आठ. भिंतीवर सावल्या आणि आकडे शेजारी शेजारी. अर्धी, पाऊण, सव्वा, मुलंच येऊन तुकडे ठेवायला लागली. तुमचा हात एकदा चुकून भलत्या जागी गेला तेव्हा पुढच्या बाकावरची सुरेखा म्हणाली, "बाई, तठे नही, आठे शे." तुम्ही हात सरकवलात. वर्षभर ज्या पोरांना छेद म्हणजे काय ते उमगलं नव्हतं ती पोरं त्या चाळीस मिनिटांत बेरजा करायला लागली.

हर्षदभाई उठून पुढे आले. त्यांनी तुम्हाला हात जोडले. पाटीलसरांना म्हणाले की या बेनचा पाठ पुढच्या सगळ्या बॅचना दाखवायचा, प्रोजेक्टर या शाळेतच राहू द्या.

मी टाळ्या वाजवल्या. त्या खऱ्या होत्या का, हे मी तीन वर्षं स्वतःला विचारतेय.

कोर्स मी केला होता, बाई. इंग्रजी मला येत होतं. तुम्हाला पडदा मी वाचून दाखवला होता. आणि माझ्या चौदा शीटना "सारुं छे". त्या दिवशी परत जाताना तुम्ही आनंदात होतात आणि माझ्या शीटबद्दल म्हणालात, "अक्षर सुंदर होतं हो. पण ते तर फळ्यावरही झालं असतं." तुम्ही खरं तेच बोललात. पण मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले, आणि तुमचा स्टॉप आला तेव्हा सांगितलं नाही. तुम्हाला कंडक्टरला विचारावं लागलं.

त्यानंतर मला वेळ कमी पडायला लागला. तुमच्या वह्या वाचायला वेळ नाही, रस्ता ओलांडून द्यायला वेळ नाही. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं.

मार्चमध्ये दुसऱ्या बॅचला पाठ दाखवायचं ठरलं. आपल्या शाळेच्या खिडक्यांना पडदे नव्हते म्हणून रस्त्यापलीकडच्या गुजराती शाळेच्या हॉलमध्ये. मुलांना घेऊन जायचं होतं. सकाळी तुम्ही माझ्या वर्गाच्या दारात आलात. "शोभाबाई, रस्त्यापर्यंत येता?" मी म्हटलं, माझा वर्ग आहे, चाचणी चालू आहे. चाचणी चालू नव्हती. मुलं शुद्धलेखन लिहीत होती.

तुम्ही पोरांच्या जोड्या लावल्यात आणि निघालात. मी खिडकीतून बघत होते. फाटकाबाहेर तुम्ही हात वर करून उभ्या राहिलात, डावीकडे बघितलंत, उजवीकडे बघितलंत. काय दिसलं असेल तुम्हाला कोण जाणे. मग पुढे झालात. कोऱ्या कापडाचे ताके भरलेला टेम्पो उलट्या बाजूने आला. त्याने असा ब्रेक मारला की एक ताका खाली पडून रस्त्यावर उलगडत गेला. पहिल्या जोडीतल्या मुली जागच्या जागी उभ्या होत्या, टेम्पोच्या तोंडापासून हातभर. ड्रायव्हर शिव्या देत होता. चूक त्याची होती, तो उलट्या बाजूने येत होता, डोळसालाही तो दिसला नसता कदाचित. कदाचित.

कुणालाही काही झालं नाही. तुम्ही पोरांना मोजलंत, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, आणि पलीकडे जाऊन पाठ घेतलात. तो पहिल्यापेक्षाही चांगला झाला असं नंतर ऐकलं.

तुम्ही हॉलमध्ये होतात तेव्हा मी पाटीलसरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांचं. डॉक्टर, पडदे, वह्या, कम्प्युटर. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं मी म्हणाले. आणि तो होताच. आजही तुम्ही समोर असता तर मी हेच म्हटलं असतं आणि तुमच्याशी भांडले असते. तुमचं चुकत होतं, बाई. पंचेचाळीस पोरं घेऊन असा रस्ता ओलांडायचा नसतो. पण मी रस्त्यापर्यंत आले असते तर टेम्पो मला दिसला असता. आणि सांगताना माझ्या आवाजात काय होतं ते मी ऐकलंय. नुसती काळजी असती तर मी इतकं सविस्तर सांगितलं नसतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुमचं नाव कुठे येणार नाही. ते शब्दाला पक्के निघाले.

त्याच आठवड्यात तुमचा वर्ग काढून घेतला आणि तुम्हाला ऑफिसात बसवलं. समोर रजिस्टरं, जी तुम्हाला दिसत नव्हती. कपाट रिकामं करायला मी आले होते, तुमचे पुठ्ठ्याचे तुकडे खोक्यात भरत होते. तुम्ही खुर्चीवर बसून होतात. म्हणालात, "त्या टेम्पोनंतर मुलं घरी बोलली असतील. पोरंच ती. त्यांचा काय दोष."

मी खोकं बांधत राहिले.

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "पण मला वाटलं नव्हतं, शोभा."

तीन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला नुसतं शोभा म्हणालात. तेव्हा सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या, बाई. पोरंच ती."

तुमचा चौथीचा वर्ग मला मिळाला. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहायला लागले आणि मागून सुरेखा मोठ्याने वाचायला लागली, एकेक शब्द, मी लिहीन तसा. मी तिला गप्प केलं. थोड्या वेळाने एक मुलगा उशिरा आला आणि दारातच स्वतःचं नाव सांगून आत शिरला. उत्तर द्यायला जो उठायचा तो आधी आपलं नाव सांगायचा. एका मुलीला उलटी झाली तर तिघं एकदम म्हणाली, बाई, खिडकीजवळ, दुसऱ्या बाकावर, मंगलला बरं नाही. मी खडू ठेवला आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?  सुरेखा म्हणाली, कुणी नाही. तिसरीतही तुम्हीच शिकवत होतात, तेव्हाच त्यांना कळलं होतं की बाईंना दिसत नाही. मग ते सगळे असं करायला लागले. घरी सांगितलं का, मी विचारलं. नाही, ती म्हणाली, घरी सांगितलं तर बाईंना काढतील. आणि मग घाबरून म्हणाली, "बाईसले सांगू नका. आमले माहीत शे ते."

दोन वर्षं, बाई. पंचेचाळीस पोरं, आठनऊ वर्षांची. एकानेही घरी सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुम्हालाही कळू दिलं नाही. आणि मी एका सकाळी सांगून मोकळी झाले.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. ऐकून तुमचं काय झालं असतं मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर आधी मी सांगितलं होतं हे सांगावं लागलं असतं. मी तुमच्याकडे तीन वर्षं येत राहिले, दर महिन्यादोन महिन्यांनी. तुम्ही चहा ठेवायच्या, अंदाजाने, एक थेंब सांडू न देता. तुम्ही मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. दर वेळी विचारायच्या, "मशीन चालतं का?" चालतं, मी म्हणायची. त्याचा दिवा उडाला होता, नवीन मागवायचा अर्ज कुठेतरी अडकला होता, मशीन कपाटात पडलं होतं. तेही नाही सांगितलं. दिवा उडायच्या आधी हर्षदभाईंनी तुमच्या जागी मला पाठ दाखवायला बोलावलं. मी चकती ठेवली, चतकोर उचलली. पाठ छान झाला. ते म्हणाले, बहु सरस. हा पाठ कुणाचा, असं एकीने विचारलं तर मी म्हटलं, आमच्या शाळेतला आहे.

मायाने एकदा मला दाराशी गाठून सांगितलं होतं की तुमच्या वर्गातली मुलं त्या पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येत होती, तुम्हाला पेपर वाचून दाखवायला. तुम्ही त्यांना दारातूनच परत पाठवायच्या. "आई अशी नव्हती," माया म्हणाली. "पोरांशी एवढी कोरडी कशी झाली?" मी तिला म्हटलं, तब्येतीमुळे चिडचिड होते. महिनाभर येऊन मग मुलं यायची बंद झाली.

काल ती सगळी आली होती. सातवीत आहेत आता, उंच झालीत. मागच्या भिंतीला टेकून उभी होती, एकही पुढे आला नाही. बोलावलं नव्हतं म्हणून.

म्हणून आज मधल्या सुट्टीत मी सुरेखाला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. तुम्हाला सांगणं तर राहिलंच, पण ती तर समोर आहे, रोज असते. मी तिला सांगितलं की बाईंचं मी सरांना सांगितलं होतं. बाईंना वाटलं तुम्ही मुलांनी घरी सांगितलं, म्हणून त्या तुम्हाला परत पाठवायच्या. तुमची काही चूक नव्हती. मी बोलत होते तेव्हा तिने एकदाही मान वर केली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग म्हणाली, "आम्हाला वाटलं आमचं वाचायचं चुकतं. जोडाक्षरं अडायची ना. म्हणून बाई नको म्हणतात." त्या सुट्टीत त्या सगळ्यांनी मिळून रोज दुपारी जोडाक्षरांचा सराव केला होता, असं ती म्हणाली. नीट यायला लागल्यावर पुन्हा जायचं ठरवलं होतं. गेले, तेव्हाही तुम्ही दार उघडलं नाहीत.



तिने विचारलं, "मग तुम्ही बाईंना सांगितलं?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत ही पोरगी मला रोज जाता-येता नमस्ते बाई म्हणते, दिवसातून चारदा भेटली तरी चारदा म्हणते. घंटा झाली. ती माझ्या बाजूने वर्गाकडे गेली, बाई, आणि काहीच म्हणाली नाही.